तारापूरला पडलेले बाजी भिवराव

तारापूर म्हटले की आज अणुवीज केंद्र आठवते. १९६९ पासून गावाची ती ओळख पक्की झाली. याच गावच्या समुद्रकाठच्या किल्ल्यापाशी, जानेवारी १७३९ मध्ये, पोर्तुगिजांशी लढताना मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर तोंडाला गोळी लागून पडले. माहीमनंतर चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर घेतले आणि मे महिन्यात वसईही हाती आली. या मोठ्या मोहिमेच्या वर्णनात बाजी भिवरावांच्या वाट्याला सहसा एखादे वाक्य येते. मला ते फार अपुरे वाटते, कारण त्यांच्या मृत्यूनंतर पेशव्यांकडून त्यांच्या आईला गेलेले सांत्वनाचे पत्र आपल्याकडे आहे. किल्ला मिळाला, राज्य वाढले, असे सांगून त्या माउलीची समजूत घातलेली नाही. गेला तो आमचा भाऊ होता, आता आम्हालाच तुमचा मुलगा समजून धीर धरा, असा त्याचा आशय आहे. गोळी कुठे लागली हेही तिच्यापासून लपवलेले नाही. अनेक मोहिमांत मुरलेल्या सरदाराची किंमत घरात पडलेल्या पोकळीवरून करणारा हा कागद, माझ्या मते, लढाईच्या कोणत्याही वर्णनाइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे.

कुणी म्हणेल, अशी पत्रे दरबारी रिवाजाने लिहिली जात. त्यांत जिव्हाळा शोधणे भाबडेपणाचे. रिवाज होता हे खरेच. पण रिवाजसुद्धा समाजाला काय देणे वाटते ते सांगतो. पडलेल्या माणसाच्या घराला इनाम देता येई, वतन चालवता येई, आणि राज्यकर्ते ते करीतही. तरी आईशी चार शब्द बोलणे हेही देणे आहे असे त्यांना वाटले. दुसरा आक्षेप मात्र मला जास्त जड वाटतो. बाजी भिवराव पेशव्यांच्या जवळचे म्हणून हे पत्र गेले; त्याच तटाखाली पडलेल्या साध्या शिपायांच्या आयांना कुणी लिहिले? त्या शिपायांची नावेही आपल्या हाती नाहीत. याला माझ्याजवळ खोडून काढणारे उत्तर नाही. एवढेच म्हणतो, की माणसाची किंमत घरातल्या पोकळीवरून करण्याची जी कसोटी आईला गेलेल्या या पत्राने ठरली ती साऱ्यांना लावावी, आणि आपण ती लावू शकतो.

तारापूरजवळच्या पालघरने ती अर्धी लावलीही आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे 'चले जाव' आंदोलनाच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी. इथे नाव आहे, गाव आहे, दरवर्षी अभिवादनही होते. पण घरी कोण होते, हातात कोणता धंदा होता, मागे राहिलेल्यांनी संसार कसा रेटला, हे त्या दिवशीच्या भाषणांत क्वचितच येते. सातपाटी आणि मुरबे ही मच्छीमारांची गावे. नांदगाव, सालवड बोईसरच्या शेजारची. तिथल्या शाळांनी या घरांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, आणि पुढे पुन्हा अशी उणीव राहू नये म्हणून गावात परतलेल्या निवृत्त जवानांच्या कुटुंबांशीही आताच, ते जवान हयात असतानाच, बोलून घ्यावे.