शेरा आणि मजकूर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी कित्येकांची मुले हल्ली पायथन ही संगणकाची भाषा शिकत आहेत. नेदरलँड्सचे गुइदो व्हॅन रोसम यांनी तयार केलेली ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक लहानसा भेद आज आपणापुढे मांडावयाचा आहे. भेद लहान आहे, परंतु तो न समजल्यास याद्या चुकतात, हिशेब चुकतात.

लग्नपत्रिकेचा मसुदा आपण छापखान्यात देतो. समासात लिहितो, ‘नाव ठळक छापावे.’ हा शेरा जुळाऱ्यासाठी असतो, पाहुण्यांसाठी नव्हे. तो पत्रिकेत छापला गेला तर हसे होईल. पायथनमध्येही असेच दोन प्रकारचे लिखाण असते.

पहिला प्रकार शेऱ्याचा, म्हणजे कॉमेंटचा. ‘#’ या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंत जे लिहावे ते संगणक सोडून देतो. ते केवळ वाचणाऱ्या माणसासाठी असते. दुसरा प्रकार स्ट्रिंगचा. अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे स्ट्रिंग. तो संगणकाच्या हाती दिलेला माल आहे. अवतरणात ‘#’ आले तरी ते साधे अक्षरच राहते, शेरा होत नाही.

मग घोटाळा कोठे होतो? तीन-तीन अवतरणचिन्हांत अनेक ओळींचा मजकूर लिहिता येतो. पुष्कळ विद्यार्थी त्यालाच लांब शेरा समजतात. स्वतंत्र ओळीवर तो एकटा असेल तर बहुधा काही बिघडत नाही, आणि त्यामुळेच ही सवय जडते.

आता समजा, शिष्यवृत्तीस पात्र मुलांची यादी करावयाची आहे. सलमा आणि रशीद अशी दोन नावे आहेत. मध्ये कोणी तीन अवतरणांत ‘येथपर्यंत तपासले’ असे लिहिले व पुढे स्वल्पविराम दिला. संगणक आता तीन नावे मोजील! स्वल्पविराम दिला नाही, तर शेजारी-शेजारी आलेल्या दोन स्ट्रिंग पायथन आपोआप जोडतो. संख्या दोनच राहील, पण दुसरे नाव ‘येथपर्यंत तपासलेरशीद’ असे होईल. संगणक कोणतीही तक्रार करणार नाही, आणि रशीदचे नाव शोधू गेल्यास ते यादीत सापडणार नाही. तीच टीप ‘#’ लावून लिहिली असती, तर दोन्ही मुले यादीत सुखरूप राहिली असती.

उलट बाजूही पाहा. फंक्शनच्या पोटात नुसता शेरा लिहिला तर पायथन चूक दाखवितो, कारण त्याच्या लेखी तेथे काहीच नसते. नुसती स्ट्रिंग लिहिली तर मात्र चालते. इतकेच नव्हे, फंक्शनच्या आरंभी लिहिलेली स्ट्रिंग पायथन त्या फंक्शनची माहिती म्हणून जपून ठेवतो आणि ‘हेल्प’ असे विचारल्यास दाखवितो. तिला डॉकस्ट्रिंग म्हणतात. तेव्हा फंक्शन वापरणाऱ्याला जे सांगावयाचे ते डॉकस्ट्रिंगमध्ये लिहावे. आतली रचना अशी का केली, हे पुढे दुरुस्ती करणाऱ्यासाठी ‘#’ लावून लिहावे. शेरा अनेक ओळींचा असल्यास प्रत्येक ओळीस ‘#’ लावावे, आळस करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी कच्चे आहे म्हणून शेरे लिहिण्याचे टाळू नका. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये मराठीत किंवा उर्दूत शेरा लिहिण्यास वेगळी खटपट लागत नाही. आपल्याला नीट समजेल अशा भाषेत लिहा.

पालकांना एकच विनंती. आपल्याला संगणक येत नसला तरी मुलाच्या शेजारी बसा आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारा, ‘बाळ, हे माणसासाठी लिहिलेस की यंत्रासाठी?’ त्याला चटकन उत्तर देता आले तर त्याचा पाया पक्का आहे असे समजा. उत्तर देताना तो अडखळला, तर त्याच ओळीपासून त्याचा खरा अभ्यास सुरू होईल.