हुकूम एकच, तोही एकदाच



घरात पिल्लू आलं की पहिला महिना फोटो काढण्यात जातो. ते अंगावर उड्या मारतं, बोटं चावतं आणि आपण हसतो. सात-आठ महिन्यांत तेच लॅब्रॅडॉर वीस-पंचवीस किलोचं होतं. मग त्याच उडीनं आजी पडतात, शेजारचं मूल घाबरतं, सोसायटीत तक्रार जाते. शेवटी कुत्रा कुणाला तरी देऊन टाकतात, नाहीतर रस्त्यावर सोडतात. ज्या गोष्टीवर आपण हसलो, तिचीच शिक्षा त्याला मिळते. म्हणून शिकवायचं ते पहिल्या दिवसापासून.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नका. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी ते विकताही येत नाही. आई आणि भावंडांसोबत ते किती जोरात चावायचं हे शिकत असतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत जे त्याला ओळखीचं होतं, त्याची भीती पुढे सहसा राहत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, हे सगळं दुरून, हळूहळू दाखवा. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका; कडेवर घेऊन फिरवा.

आता शिस्त. आम्ही ड्रिल शिकलो तेव्हा हुकमाचे दोन भाग असायचे. आधी सावध करणारा, मग कृतीचा. पिल्लालाही तसंच सांगा. आधी नाव, ते बघेपर्यंत थांबा, मग एकच शब्द: 'मोती... बस.' आपल्या घरात काय होतं? आई 'बस' म्हणते, मुलगा 'सिट', बाबा 'अरे बस ना, बस, किती वेळा सांगू!' पिल्लू गोंधळतं. दहा वेळा सांगितलं की ते दहाव्यांदाच ऐकायला शिकतं.

बसायला शिकवणं सोपं आहे. पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा नाकाजवळ धरा, सावकाश डोक्यावरून मागे न्या. मान वर जाते, बूड खाली टेकतं. टेकताक्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. उशिरा दिलेलं बक्षीस कशाचं, हे त्याला कळत नाही. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. द्राक्षं, मनुका, चॉकलेट मात्र कधीच देऊ नका. कुत्र्याला ते विषासारखं आहे.

सगळ्यात मोलाचा हुकूम 'ये'. फाटक उघडं राहिलं आणि समोरून ट्रक आला, तर हाच शब्द त्याचा जीव वाचवतो. म्हणून 'ये' म्हणून बोलावून कधी रागवू नका. जवळ आल्यावर प्रत्येक वेळी कौतुकच झालं पाहिजे.

शी-शूसाठी झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरून ठेवू शकत नाही. घरात झालं तर गुपचूप पुसा. त्यात नाक घासलं, तर ते लपून करायला शिकतं.

चावलं तर खेळ तिथेच थांबवा, काही सेकंद हात-पाय स्थिर ठेवा, मग चावायला खेळणं द्या. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हा त्याला चावायला काहीतरी लागतंच. उडी मारली तर पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर आले की कुरवाळा. हा नियम पाहुण्यांनाही सांगा, 'असू दे हो' म्हणणाऱ्यांना तर आधी.

लोकांना वाटतं, फौजेत कुत्रे धाकानं तयार होतात. तसं नाही. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला वास सापडला की त्याचा आवडता चेंडू मिळतो, शाबासकी मिळते. तो खेळासाठी आणि आपल्या माणसासाठी काम करतो. मार खाल्लेला कुत्रा घाबरतो, आणि घाबरलेला कुत्राच बहुधा चावतो.

आज रात्री घरातली सगळी मंडळी एकत्र बसा. 'बस', 'थांब', 'ये', 'सोड', 'खाली' हे पाच शब्द ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. उद्यापासून आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तेच वापरायचे. पिल्लू पटकन शिकेल. वेळ लागेल तो आपल्याला.

जय हिंद.