देवळालीचे कापरेकर मास्तर



गुणवंत विद्यार्थ्यांचा विषय निघाला की नेहमी दूरदूरच्या गावांची नावे घेतली जातात. परंतु आपल्या नाशिकला लागून असलेल्या देवळालीत तीस वर्षांहून अधिक काळ एक असा विद्यार्थी राहत होता, ज्याचे नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापले जाते. पेशाने ते शिक्षक होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. गणितातल्या त्यांच्या रममाण वृत्तीमुळे पुढे लोक त्यांना 'गणितानंद' म्हणू लागले.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. ती आकडेमोड पाहता पाहता मुलाला अंकांची गोडी लागली. वडिलांचा विषय मुलाने उचलला नाही, त्यातले गणित तेवढे उचलले! ठाण्याच्या शाळेत असताना गणिती कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास जात. १९२३ साली त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक पटकावले. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय आणि फर्ग्युसनचे प्राचार्य. अशा थोर गुरूच्या नावाचे पारितोषिक कोकणपट्टीतल्या एका कारकुनाच्या मुलाला मिळाले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

१९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. व्यवहारी माणसाच्या दृष्टीने येथे गोष्ट संपते. हुशार मुलगा, पारितोषिकही मिळालेले, पण शेवटी शाळामास्तर झाला, असे म्हणून आपण पुढच्या माणसाकडे वळतो. कापरेकरांची खरी कमाई मात्र या नोकरीच्या काळातलीच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, त्यांनी काय शोधले ते हातात कागद घेऊन पाहण्यासारखे आहे. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. कापरेकरांच्या निवृत्तीचेच वर्ष घेऊ, १९६२. त्यातील अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ९६२१ आणि चढत्या क्रमाने मांडले तर १२६९. वजाबाकी ८३५२. तिलाही तेच करावे : ८५३२ उणे २३५८, बरोबर ६१७४. ६१७४ ला हेच केले, तर ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४! संख्या कोणतीही घेतली तरी अधिकात अधिक सात वजाबाक्यांत माणूस ६१७४ वर येऊन ठेपतो. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. रोज वजाबाकी तर आपण सर्वच व्यापारी मंडळी करीत आलो, परंतु खातेवहीच्या पानापलीकडे आपली नजर गेली नाही.

एकदा रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे हल्लीच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव देऊन टाकले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. चढत जाऊन तशाच उतरणाऱ्या या संख्यांना त्यांनी 'अद्भुत डेम्लो' म्हटले. येथे आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इ.स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात गुणाकाराची अशी उदाहरणे दिली आहेत, की ज्यांची उत्तरे कंठहाराप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखी यावीत. त्यांपैकी एक उदाहरण २७९९४६८१ गुणिले ४४१ असे आहे. उत्तर येते १२३४५६५४३२१. हाच १११११ च्या पुढे आणखी एक एकचा आकडा लिहून केलेला वर्ग, म्हणजेच कापरेकरांची अद्भुत डेम्लो संख्या! सुमारे अकराशे वर्षांच्या अंतराने दोन जिज्ञासू माणसांना एकाच हाराचा मोह पडला.

परंतु जिज्ञासेची किंमतही मोजावी लागते, हे पालकांपासून लपवू नये. अनेक विद्वान गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटे व ते हसत. मोठी नियतकालिके लेख घेत नसत, तेव्हा कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापीत आणि त्यांवर 'देवळाली' हे नाव घालीत. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि मग जगाला देवळाली ठाऊक झाली. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते निवर्तले.

त्यांच्या आणखी एका शोधात तर आपल्या देवळालीचेच नाव आहे. २१ मध्ये तिचेच अंक, २ आणि १, मिळवले की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जनक. परंतु २० ला अशी जनक संख्याच नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. अशा संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटले, आणि कधी कधी 'देवळाली संख्या'. ९७ ही अशीच एक. तिच्यानंतरची देवळाली संख्या आहे १०८. आपल्या नवकारवाळीचे मणीही तितकेच. ज्याला खरे वाटत नसेल त्याने आज घरी गेल्यावर ९० पासून १०७ पर्यंतची प्रत्येक संख्या तपासून पाहावी. एकाही संख्येत तिचेच अंक मिळवून १०८ येणार नाहीत.