पोराच्या हातात कोणची बंदूक?

श्रोतेहो, बंदुकीवर भाषण म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हा उद्योग कशाला करावा? तर झाले असे, की दिवाळीच्या सुटीत मी आमच्या गावी, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याला गेलो होतो. संध्याकाळी पारावर चार माणसे बसली होती. त्यांत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांना सारा गाव आबा म्हणतो. दुसरा सुटीवर आलेला एक तरुण जवान. आणि त्या जवानाचे वडील. उसाला पाणी देऊन, पायांचा चिखल तसाच घेऊन आलेले. आबांचा आणि पोराचा वाद रंगला होता. आबा म्हणत होते, रायफल पाहावी ती एस.एल.आर.; आताच्या या आखूड बंदुकांत राम नाही. पोरगा हसत होता. वडिलांनी मला पाहिले आणि विचारले, "मास्तर, तुम्ही तर शिकल्यालं. खरं सांगा, पोराच्या हातात कोणची बरी?"

मी कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये होतो. शिबिरात एस.एल.आर.चे पाच राउंड झाडले होते आणि खांदा दोन दिवस दुखला होता. एवढ्या भांडवलावर बापाच्या प्रश्नाला उत्तर देणे बरे नव्हे. म्हणून परत आल्यावर थोडे वाचन केले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिल्याने 'अर्धस्वयंचलित' हा अवघड शब्द सोडवून घेऊ. आपल्या फौजेत पूर्वी 'थ्री-नॉट-थ्री' होती. तिच्यात गोळी झाडली की हाताने खिट्टी उचलायची, मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर पडले की पुढे ढकलून पुन्हा खाली बसवायची, मग दुसरी गोळी. कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडी. पण प्रत्येक वेळी हात चापावरून निघे आणि नेम हले. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम बंदूकच करते. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात जळलेला वायू दट्ट्याला रेटतो, हे आपण रोज पाहतो. तसेच इथे. गोळीमागच्या वायूपैकी थोडासा नळीच्या एका बारीक भोकातून वळवतात. तो दट्ट्याला मागे रेटतो, रिकामे काडतूस उडते, आणि स्प्रिंगच्या जोराने नवे काडतूस आत बसते. शिपायाने फक्त चाप ओढायचा. एक ओढ, एक गोळी. चाप दाबून धरल्यावर धडधड गोळ्या सुटत राहिल्या तर ती पूर्ण स्वयंचलित. हल्लीच्या सैनिकी रायफलींत बहुधा दोन्ही सोयी असतात. पण नेम धरून एकेक गोळी झाडण्याचीच शिकवण जवानाला मिळते, म्हणून आपण तुलनाही तेवढ्यापुरतीच करू.

आता आबांची एस.एल.आर. बेल्जियममध्ये द्यूदोने सैव नावाच्या कारागिराने हिचा मूळ आराखडा केला. गंमत अशी, की पहिला नमुना बनला तो आखूड काडतुसासाठी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ध्यानात आले होते, की पायदळाच्या बहुतेक चकमकी तीनशे मीटरच्या आत होतात. मग हजार मीटर जाणारी गोळी शिपायाच्या पाठीवर कशाला लादायची? म्हणून त्यांनी आखूड काडतूस काढले. सैवची रायफल त्याच विचारातून जन्मली. पण पुढे अमेरिकेने आपल्या मित्रराष्ट्रांकडे लांब, पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा आग्रह धरला आणि ते सर्वांनी मान्य केले. बेल्जियमच्या कारखान्याने रायफल वाढवून त्या काडतुसाजोगी केली. आग्रह धरणाऱ्या अमेरिकेने मात्र ही रायफल घेतलीच नाही. स्वतःची निराळी घेतली आणि काही वर्षांतच त्याहूनही लहान काडतुसाकडे वळली. मोठ्या घरच्या गोष्टी! असो.

रशियाने मात्र आखूड काडतूसच धरून ठेवले. त्यावर सिमोनोव्हची दहा गोळ्यांची अर्धस्वयंचलित कार्बाइन झाली, आणि १९४७ सालची मिखाईल कलाश्निकोव्हची ए.के. झाली. कलाश्निकोव्ह हा शेतकऱ्याच्या घरचा, रणगाड्यावरचा सार्जंट. १९४१ साली जखमी होऊन इस्पितळात पडला असताना त्याने बंदुकीचा विचार सुरू केला.

दोन्ही रायफलींच्या नळीचे तोंड एकाच मापाचे, ७.६२ मिलिमीटर. म्हणून पुष्कळांची समजूत होते की गोळी एकच. तसे नाही. एस.एल.आर.च्या काडतुसाची पितळी नळी ५१ मिलिमीटर लांब, ए.के.ची ३९. शिक्षक बंधू-भगिनींनी हे उदाहरण नववीच्या मुलांना फळ्यावर घालावे: एक गोळी सुमारे ९.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८४० मीटर. दुसरी सुमारे ८ ग्रॅमची, वेग ७१५ मीटर. गतिज ऊर्जा काढा. पहिलीची ३,३०० ज्यूलच्या आसपास येते, दुसरीची २,००० च्या. हा दीडपटीहून जास्त जोर जसा समोर जातो, तसा खांद्यावरही उलटा येतो. माझा खांदा का दुखला, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. शिवाय लांब काडतूस वजनाला सुमारे २४ ग्रॅम, आखूड सोळा-सतरा. शंभर काडतुसांमागे पाऊण किलोचा फरक. चढावर पाऊण किलो म्हणजे काय, ते डोक्यावर हंडा घेऊन टेकाड चढणाऱ्या बाईला विचारावे.

पण लांब पल्ला म्हणजे किती लांब? आपल्या मापाने सांगतो. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. असे तीस गुंठे एका ओळीत मांडले की झाले तीनशे मीटर. तेवढ्या अंतरावर उभा माणूस, हात लांब करून चिमटीत धरलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो. साठ गुंठ्यांवर तो मोहरीएवढा होतो. ज्वारीएवढ्याला टिपायला ए.के. पुरते. मोहरीएवढ्याला टिपायचे तर गोळीने वाटेत फार खाली झुकता कामा नये, आणि तिथे लांब काडतूसच हवे.

हा हिशेब कागदावरचा. आपल्या देशाने तो रक्ताने शिकला. १९६२ साली हिमालयात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. बर्फाने बधिर झालेल्या बोटांनी दर गोळीला खिट्टी ओढायची! समोर चिन्यांपाशी सिमोनोव्हच्या नमुन्याच्या कार्बाइन होत्या, काहींपाशी कलाश्निकोव्हच्याही. पराभवाची कारणे अनेक होती. अंगावर लोकरी कपडे नव्हते, रस्ते नव्हते, वरिष्ठांच्या चुका होत्या. सारे खापर रायफलीवर फोडणे खरे नाही. पण तो धडा बसला. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि त्यानंतरच्या काळात पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात आपली एस.एल.आर. बनू लागली. तिच्या घडणीत पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेचा हात होता. साडेतीन फुटांहून लांब, चार किलोंवर वजन, वीस गोळ्यांचे मॅगझिन, आणि एका ओढीला एकच गोळी. १९७१ साली आपल्या पायदळाचे ते मुख्य शस्त्र होते.

आबांचा अभिमान तो हा. पण त्याच आबांना मी विचारले, "आबा, तुम्ही श्रीलंकेत होता ना?" ते जरा वेळ गप्प बसले. तंबाखू मळली. मग म्हणाले, "व्हतो. तिथं झाडी अशी, की धा पावलांवरचा माणूस दिसंना. आमची लांबडी रायफल वेलीत आडकायची. त्यांच्याकडं ए.के. आमी एक गोळी सोडायचो, तंवर त्यांची धा यायची." १९८७ साली आपली शांतिसेना तिकडे गेली, तिचा हा अनुभव सर्वश्रुत आहे. मोहरी टिपणारी रायफल होती. पण मोहरी दिसायला मोकळे रान कुठे होते? पुढे काश्मीरसाठी आपण पूर्व युरोपातून ए.के. विकत घेतल्या.

ए.के.ची खरी करामत तिच्या ढिलाईत आहे. बैलगाडीचा आख आणि चाकाचा तुंबा यांत थोडी सैल जागा ठेवतात. तिथे धूळ गेली तरी गाडी चालते, कुरकुरते पण चालते. ए.के.चे हलते भाग तसे सैल बसवलेले असतात. चिखल गेला तरी दट्ट्या आपल्या जोराने तो झटकतो. तिचे काडतूसही गाजरासारखे निमुळते, त्यामुळे झाडल्यावर नळीतून चटकन सुटते. आणि निमुळती काडतुसे एकावर एक रचली की रांग वाकडी होते, म्हणून मॅगझिन केळ्याच्या घडणीचे. एस.एल.आर. घट्ट बांधणीची. वाळवंटात ती अडू लागली तेव्हा इंग्रजांनी तिच्या आतल्या सरकत्या भागावर खाचा पाडल्या, वाळूला बसायला जागा म्हणून. घट्ट बांधणीने नेम चांगला लागतो, पण साफसफाईची शिस्त लागते. ढिली बांधणी आळशाला माफ करते, नेमात मात्र थोडे मागे घेते.

मधल्या काळात पुण्याच्याच संस्थेने आराखडा केलेली, ५.५६ मिलिमीटरची 'इन्सास' आली. गोळी लहान, वजन कमी. १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या. तिच्याविषयी स्वतंत्र बोलावे लागेल; आज नको.

इतक्यात पारावरच्या एकाने मधेच तोंड घातले. "मास्तर, उसात बिबट्या फिरतोय. तसली एखादी आमाला मिळंल का?" मिळणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी फौजी बनावटीच्या स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकाला बंद आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज करून मिळणारा परवाना तो हा नव्हे. आणि बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. वन खात्याला कळवा, रात्री पाण्याच्या पाळीला एकटे जाऊ नका. एवढे सांगितले, तरी त्याचे समाधान झाले नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. ज्याच्या दावणीची शेळी गेली, त्याला कलमे वाचून दाखवणे सोपे असते.

आता मूळ प्रश्न. सरकारने अलीकडे काय निवड केली, ती पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० 'सिग ७१६' रायफलींचा करार झाला. ही ए.आर. घराण्यातली, ए.आर. म्हणजे आर्मालाइट, त्या कंपनीच्या यूजीन स्टोनरने १९५० नंतरच्या दशकात अॅल्युमिनियमच्या अंगाची हलकी रायफल काढली, तिचा हा वंश. काडतूस तेच, आबांचे ५१ वाले. पल्ला सहाशे मीटरचा. आणि डिसेंबर २०२१ मध्ये रशियाशी करार झाला, सहा लाखांहून अधिक ए.के.-२०३ उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला बनवण्याचा. काडतूस ३९ वाले, पल्ला तीनशे मीटरचा सांगितला गेला. म्हणजे साठ वर्षे वाद घालून सरकारने दोन्ही घेतल्या! सीमेवरच्या पुढच्या फळीतल्या पायदळाला लांब पल्ल्याची, बाकी मोठ्या संख्येला ए.के. काहींना हा गोंधळ वाटतो. त्यात तथ्यही आहे: दोन तऱ्हेची काडतुसे, दोन तऱ्हेचे सुटे भाग, आणि ऐन वेळी चुकीची पेटी चुकीच्या ठाण्यावर पोचली तर दोन्ही रायफली लाकडाच्या. तरी मला ही निवड शहाणपणाची वाटते. लडाखच्या उघड्या डोंगरावर साठ गुंठ्यांपलीकडचा माणूस दिसतो. कुपवाड्याच्या जंगलात किंवा घराच्या खोलीत तीन गुंठेही पुष्कळ झाले. एकच द्यायची असती, तर मी ए.के. दिली असती, कारण चकमकी बहुतेक जवळूनच होतात. पण डोंगरमाथ्यावरच्या ठाण्यात बसलेल्या पोराला ती देऊन मला झोप लागली नसती.

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रेल्वे स्थानकावर ए.के. घेतलेल्या मारेकऱ्यांपुढे आपल्या पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होत्या. हत्याराची निवड वर्षानुवर्षे लांबली की तिची किंमत अशी कुणीतरी तिसराच मोजतो.

हे सगळे मी त्या बापाला पुढच्या खेपेस, जमेल तसे, सांगितले. त्याने नीट ऐकले. मग पोराकडे वळून म्हणाला, "तू कोणची वापरलीस?" पोरगा म्हणाला, "दोन्ही, दादा. आधी सीमेवर होतो तेव्हा सिग. आता राष्ट्रीय रायफल्समध्ये ए.के." आबांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची, कळले नाही.

घरी चहाला गेलो, तर आईने निराळेच विचारले, "जड किती असती रं?" पोरगा म्हणाला, "भरलेली साडेचार किलोच्या आसपास." माउलीने क्षणभर मनाशी काहीतरी तोलले, आणि त्याच्या पिशवीत भरलेल्या लाडवांच्या दोन डब्यांपैकी एक काढून बाजूला ठेवला. पोराने तो, तिची पाठ वळताच, पुन्हा आत सरकवला.