तेरा आठवड्यांचे सासर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या शुभदिनी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. ती माहेरच्या वडीलधाऱ्यांची आज्ञा समजून मी उभी आहे. व्याख्यान देणे हा काही माझा धंदा नव्हे. मी रुग्णांच्या उशापायथ्याशी वावरणारी परिचारिका. तेव्हा माझ्या कामाविषयीच बोलते.

अमेरिकेत 'ट्रॅव्हल नर्स' म्हणून एक प्रकार आहे. ज्या इस्पितळात परिचारिका कमी पडतात तेथे एजन्सीमार्फत, ठराविक मुदतीच्या करारावर, बाहेरची परिचारिका बोलावतात. मुदत बहुधा १३ आठवड्यांची. ती संपली की बिऱ्हाड उचलायचे आणि दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यात जायचे. परिचारिकेचा परवाना तेथे राज्याराज्यांचा असतो. बऱ्याच राज्यांनी आपसांत करार करून एकमेकांचे परवाने मानले आहेत. पण मी सध्या काम करते ते कॅलिफोर्निया त्यात नाही, म्हणून तेथला परवाना निराळा काढावा लागला.

"नव्या जागी रुळायला किती दिवस लागतात?" असे येथे मला बऱ्याच जणींनी विचारले. भगिनींनो, नव्या सुनेला घर समजून घ्यायला आपण निदान वर्षभर तरी देतो. मला यंदा दोन दिवस मिळाले. एक दिवस दालनात बसून नियम ऐकले, एक पाळी तेथल्या परिचारिकेबरोबर काढली, आणि तिसऱ्या रात्री माझे रुग्ण माझ्या हवाली झाले. तेथे १९९९ साली झालेल्या कायद्यामुळे एका परिचारिकेकडे किती रुग्ण द्यावेत याला मर्यादा आहे. सामान्य वॉर्डात २००५ पासून पाच, अतिदक्षता विभागात दोन. आपल्याकडच्या वॉर्डांतली गर्दी पाहिलेल्यांना पाच म्हणजे थोडे वाटतील. पण रात्रपाळी बारा तासांची, आणि पाचही जण अनोळखी!

रोग सगळीकडे सारखाच, औषधेही तीच. पण कपाट निराळे असते, कुलूप निराळे असते, संगणकातली नोंदवही निराळी असते. धोक्याच्या इशाऱ्यांची नावेसुद्धा बदलतात. कॅलिफोर्नियातल्या इस्पितळांत 'कोड ग्रे' अशी हाक आली म्हणजे कोणी माणूस अंगावर धावून येत आहे असे समजायचे. ओहायोकडे तीच हाक वादळाची असते. एकीकडे माणसाला आवरायला धावायचे, तर दुसरीकडे रुग्णांना खिडक्यांपासून दूर न्यायचे.

म्हणून मी एक नेम ठेवला आहे. पहिल्या पाळीला, रुग्णांची ओळख करून घेण्याआधी, चार गोष्टी विचारायच्या: प्राणवायू कोठे, तातडीच्या औषधांची गाडी कोठे, मदतीसाठी कोणता क्रमांक फिरवायचा, आणि रात्री डॉक्टर कोण. विचारताना संकोच करायचा नाही.

त्या वॉर्डात एक फिलिपिनो परिचारिका होती, साठीला टेकलेली. सगळ्या तिला 'आते' म्हणत. त्यांच्या भाषेत 'आते' म्हणजे थोरली बहीण. माझ्या कानाला ती आत्याच वाटली! तिने माझा हात धरून त्या चारही जागा दाखविल्या, आणि गाडीचा खण उघडून औषध कोणत्या कप्प्यात ते बोट ठेवून सांगितले.

तिसऱ्या रात्री, दोनच्या सुमारास, खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांचा श्वास मंदावला. वेदना थांबविण्यासाठी दिलेल्या अफूवर्गीय औषधाचा तो परिणाम होता. मिनिटाला जेमतेम सहा श्वास, आणि हाक मारली तरी डोळे उघडेनात. मी प्राणवायू लावला, क्रमांक फिरविला, उताऱ्याचे औषध नॅलॉक्सोन काढून ठेवले. तातडीचे पथक आले, शिरेतून औषध गेले आणि आजोबांनी डोळे उघडले. पुढचे दोन तास आम्ही त्यांच्याजवळून हललो नाही. कारण या उताऱ्याचा अंमल मूळ औषधाच्या आधी ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. त्या वेळी मला गाडी शोधत फिरावे लागले असते तर? मला वाचविणारी माझी हुशारी नव्हती, आतेचे ते बोट होते.

सगळ्याच जणी आतेसारख्या नसतात. आमचा पगार कायमच्या परिचारिकांहून बहुधा अधिक असतो. त्यावरून कुजबूज होते. वॉर्डावॉर्डांत पाठवायची वेळ आली की पहिला क्रमांक बाहेरचीचा. जेवणाच्या टेबलावर कधी खुर्ची रिकामी असूनही बोलावणे येत नाही. त्याचे मी वाईट मानीत नाही. पण नवीला वाट दाखविली नाही तर त्याची किंमत ती नवी देत नाही, खाटेवरचा रुग्ण देतो, हे मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाच्या मुली ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा समाज त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहत होता. त्यांनी वाट पाडली म्हणून आम्ही सातासमुद्रापलीकडे जाऊ शकलो.

आपल्या मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपल्या आळीत नवे बिऱ्हाड येते, नवी सून येते, कोणाच्या आजारी सासूबाईंसाठी रात्रीची बाई येते. चहा तर आपण देतोच. त्याबरोबर जवळचा दवाखाना, रात्री येणारा डॉक्टर, रिक्षा कोठे मिळते आणि मध्यरात्री कोणाचे दार ठोठवावे, एवढे त्याच दिवशी सांगावे. कोणी विचारण्याची वाट पाहू नये.