ज्याच्या गरजा थोड्या



आज एका तळ्याकाठच्या झोपडीविषयी बोलणार आहे. तळे म्हटले की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला लोणार आठवते. हे तळे मात्र अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावाजवळचे, वॉल्डन नावाचे. हेन्री डेव्हिड थोरो हा सत्तावीस वर्षांचा पदवीधर तरुण ४ जुलै १८४५ रोजी तिथे राहायला गेला. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद झोपडी त्याने स्वतः बांधली. खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. त्या काळी हार्वर्डच्या विद्यार्थ्याला खोलीचे वर्षाचे भाडेच ३० डॉलर पडे! त्याने घेवडा पेरला, विकला आणि पै-पैचा हिशेब लिहून ठेवला. दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस तो तिथे राहिला.

त्याची थट्टा करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. जागा मित्र इमर्सनची, आईचे घर पायी जाण्याच्या अंतरावर. मग हा कसला वनवास? पण थोरो संन्यास घ्यायला गेलाच नव्हता. माणसाला जगायला नेमके किती लागते, हे त्याला मोजून पाहायचे होते.

तिथे राहत असतानाच, जुलै १८४६ मध्ये, कर न भरल्याबद्दल त्याला तुरुंगात टाकले. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला पैसा द्यायचा नाही, ही त्याची भूमिका. कुणीतरी परस्पर कर भरला आणि दुसऱ्या दिवशी तो सुटला. त्या एका रात्रीतून १८४९ साली एक निबंध जन्मला. गांधीजींनी तो दक्षिण आफ्रिकेत वाचला आणि १९०७ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मधून वाचकांपुढे ठेवला.

थोरोचे 'वॉल्डन' मराठीत आणले दुर्गाबाई भागवतांनी. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गाबाईंना हा माणूस जवळचा वाटला, यात नवल नाही. पण त्यांनी थोरोचे फक्त भाषांतर केले नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, आणीबाणी चालू असताना, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना, अध्यक्षपदावरून त्यांनी तुरुंगवास भोगून आलेल्या आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

हे बळ कुठून येते? मला वाटते, त्याचे मूळ घरखर्चात आहे. ज्याच्या गरजा थोड्या, त्याच्यावर दाब आणायला जागाच उरत नाही. अठ्ठावीस डॉलरच्या घरातून सरकार काय जप्त करणार?

हे मला पुस्तकाने सांगितले होते, पण कळले फार उशिरा. काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलीचे लग्न केले. निकाहला दोन साक्षीदार, मेहेर आणि वाटायला खजूर पुरे. मी मात्र मोठा मंडप घातला, जेवणावळी उठवल्या. त्यासाठी उसने पैसे घेतले ते रेतीचा धंदा करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून. पुढच्या उन्हाळ्यात नदीतला उपसा थांबवा, विहिरी आटताहेत, असा अर्ज गावकऱ्यांनी तहसीलदारांसाठी लिहिला. शेजारचे काका तो घेऊन आले. म्हणाले, "भाई, पहिली सही तुमची. नदीवर इतक्या कविता केल्यात तुम्ही!" मी म्हणालो, चष्मा सापडत नाही, उद्या या. चष्मा माझ्या खिशात होता.

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आलेही नाहीत.

ते कर्ज फेडायला मला तीन वर्षे लागली. धाकटीचा निकाह मशिदीत झाला. खजूर आणि चहा. नातेवाईक कुजबुजले. पुढे गावाने पुन्हा अर्ज केला, तेव्हा मी स्वतः काकांच्या घरी जाऊन सही केली. रेतीचे टिप्पर थांबले का? नाही, अजून थांबलेले नाहीत. पण आता नदीकाठी गेलो की नदीकडे पाहता येते.

श्रोतेहो, तळ्याकाठी झोपडी बांधायला मी सांगत नाही. एवढेच सांगतो, थोरोसारखा एकदा आपल्या घरचा हिशेब मांडा. कुठली वस्तू किती रुपयांची, हे लिहा. आणि त्यापुढे, तिच्यापायी आपण कुठे गप्प बसलो, तेही लिहा.