चुकीचा, खोटा आणि गैर



आज मी मराठीतल्या तीन लहान विशेषणांबद्दल आणि ती ज्या नामांच्या संगतीत राहतात त्यांच्याबद्दल बोलणार आहे. चुकीचा, खोटा आणि गैर. तिन्हींचा रोख एकच आहे: काहीतरी बरोबर नाही. तरी पत्ता चुकीचा असतो, आळ खोटा असतो आणि वर्तन गैर असतं. ‘चुकीचा आळ’ असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही, आणि ‘गैरउत्तर’ असा शब्द होत नाही. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही. तरीही कुणी तसं बोललं तर आपला कान लगेच अडखळतो. शब्दांच्या या सोबतीकडे भाषाशास्त्राचं लक्ष वेधणाऱ्यांत जे. आर. फर्थ यांचं नाव मोठं आहे. लंडनला जाण्याआधी ते लाहोरला शिकवत होते.

‘चुकीचा’ कुठे लागतो ते पाहा. पत्ता, उत्तर, अंदाज, निदान, औषध, गाडी, फलाट, दिशा. या प्रत्येक ठिकाणी बरोबर असलेली दुसरी गोष्ट कुठेतरी हजर असते. बरोबर पत्ता असतो, बरोबर औषध असतं, आपली गाडी शेजारच्या फलाटावर उभी असते. चूक दुरुस्त होऊ शकते हे भाषेने आधीच धरलेलं आहे. आपले जुने दुकानदार आणि कारकून हिशेबाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असं लिहीत, अजूनही काही पावत्यांवर ते छापलेलं असतं. मला ही ओळ फार मोलाची वाटते. चूक तुझ्याकडून होईल, माझ्याकडूनही होईल, आणि ती झाली म्हणून आपला व्यवहार मोडणार नाही, असा करार तिच्यात आहे. ‘खोटेपणा द्यावा घ्यावा’ असं मात्र कुठल्याही वहीत सापडणार नाही.

कारण ‘खोटा’ ज्यांना लागतो ती नामं वेगळ्या घरची आहेत. साक्ष, सही, शपथ, नाणं, दागिना, तक्रार, वारस. ही प्रत्येक गोष्ट कुणीतरी खरी म्हणून पुढे केलेली असते. इथे दुरुस्ती चालत नाही. खोटी सही सुधारता येत नाही, ती उघडकीला येते.

आणि ‘गैर’. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, मुळात दुसरा, निराळा, परका या अर्थाचा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी गैर टिकला, कारण त्याचं काम दुसरं कुणी करत नव्हतं. तो लागतो हजेरीला, सोयीला, शिस्तीला, वापराला, वर्तनाला, व्यवहाराला. एखादी मांडलेली व्यवस्था आहे आणि काहीतरी तिच्या बाहेर गेलं आहे, एवढं तो सांगतो.

या तिघांमधली रेघ किती बारीक आहे हे ‘समज’ या एका नामावर दिसतं. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हा चुकीचा समज. पण दोन भावांमध्ये होतो तो गैरसमज. ‘त्या दोघांत चुकीचा समज झाला’ असं मराठी माणूस म्हणणार नाही. चुकीचा समज एका माणसाच्या डोक्यात एकटा राहू शकतो, गैरसमजाला दोन माणसं लागतात. म्हणून पहिला पुराव्याने जातो आणि दुसरा भेटीने.

आता हा भेद कोर्टात कसा उभा राहतो ते बघू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १९१ खोट्या पुराव्याबद्दलचं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते २२७ वं कलम आहे. विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही एवढ्यावर हा गुन्हा होत नाही. ते खोटं आहे हे सांगणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, किंवा ते खरं आहे असा त्याचा विश्वास नसला पाहिजे. जुन्या संहितेत एक सुंदर उदाहरण दिलेलं आहे. एखाद्याचं अक्षर ओळखणारा माणूस शपथेवर सांगतो की, ही सही त्याचीच आहे असं मला वाटतं. सही दुसऱ्याची निघते. तरीही त्याने सद्भावनेने सांगितलं असेल तर त्याने खोटा पुरावा दिलेला नाही. ती साक्ष चुकीची ठरेल, खोटी नव्हे. साक्षीदाराची अब्रू या दोन विशेषणांच्या मधल्या जागेत उभी असते.

याचं आपल्या इतिहासातलं उदाहरण पानिपतानंतरचं आहे. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणं उतरवलं नाही. आणि मग मीच भाऊसाहेब म्हणणारा एक माणूस पुढे आला. चौकशीत तो कनौजी ब्राह्मण असल्याचं ठरलं आणि त्याला कैदेत टाकलं. पुढे तो रत्नागिरीच्या किल्ल्यात होता, तेव्हा १७७६ मध्ये तिथल्या कारभाऱ्याने त्याला सोडलं. त्याच्याभोवती फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले. शेवटी समुद्रमार्गे पळताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर लिहिलं.

त्या तोतयाने दिली ती खोटी ओळख. त्याला पाहून ज्या साध्या माणसांचे डोळे भरून आले असतील, त्यांची झाली ती चुकीची ओळख. आणि हा भाऊ नव्हे हे कळत असूनही ज्यांनी फायद्यासाठी त्याच्या नावाने किल्ले उघडले असतील, त्यांचं वागणं गैर. माणूस एक, चेहरा एक, विशेषणं मात्र तीन, आणि तिघांना एकच शिक्षा देणं अन्याय झाला असता.

आजच्या काळातला तितकाच गंभीर प्रश्न सातबाऱ्याचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली नोंदीतला लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना नावातलं अक्षर गेलं, क्षेत्राचा आकडा सरकला, तर ती चुकीची नोंद, आणि हे कलम तिच्यासाठी आहे. पण एखाद्याचं नाव उडवून दुसऱ्याचं घुसवलं तर ती खोटी नोंद. तिला लेखनप्रमाद म्हणणं म्हणजे त्या शेतकऱ्याची जमीन विशेषणाच्या आडून नेणं. हक्क बदलण्यासाठी हे कलम नाहीच.

उलट दिशेने होणारा अन्यायही मला तितकाच सलतो. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी वृद्धांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण तारीख कुणाला ठाऊकच नव्हती, वर्षही अंदाजाचंच. अशी एखादी आजी पेन्शनच्या खिडकीशी उभी राहते, दोन कागदांवर दोन वयं निघतात, आणि पलीकडून शब्द येतो, ‘खोटी माहिती दिलीत.’ तिची माहिती चुकीची असेल, खोटी नाही. त्या एका शब्दाने तिला अपराधी केलं जातं.

आणि जिथे खरोखर अपराध असतो तिथे काय ऐकू येतं? इमारत कोसळते, माणसं दगावतात, आणि जबाबदार माणूस कॅमेऱ्यासमोर सांगतो, ‘जे झालं ते चुकीचं झालं.’ या वाक्यात नामच नाही हे लक्षात घ्या. काय चुकीचं? परवानगी, तपासणी, की काँक्रीटचं मिश्रण? नाम आलं की त्याच्यामागे सही येते, सहीमागे माणूस येतो. परवानगी चुकीची होती की खोटी होती, व्यवहार नुसता चुकला की गैर होता, हे विचारावं लागतं. नाम गाळलं की चौकशीला धरायला जागाच उरत नाही. ‘चुकीचा प्रकार’, ‘चुकीची घटना’ या जोड्यांनाही माझा तोच आक्षेप आहे. प्रकार आणि घटना ही नामं असून नसल्यासारखी आहेत.

आपल्याकडे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड. अर्थ शोधायला त्याच्याइतका भरवशाचा आधार मला दुसरा दिसत नाही. पण कुठलं विशेषण कुठल्या नामाच्या शेजारी बसतं आणि कुठल्या नामाजवळ कधीच जात नाही, हे मुख्य विषय म्हणून नोंदवणारा मोठा कोश आपल्याला हवा आहे. इथे मराठीचे विद्यार्थी बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, सुरुवात नोंद, साक्ष, ओळख, माहिती आणि व्यवहार या पाच नामांपासून करा. तालुक्याच्या कोर्टातले मराठी निकाल, तहसीलदारांचे आदेश आणि जिल्हा वर्तमानपत्रं वाचा, आणि प्रत्येक ठिकाणी लिहिणाऱ्याने कुठलं विशेषण निवडलं, ते कुणाबद्दल होतं आणि पुढे त्या माणसाचं काय झालं, हे एका वहीत उतरवून ठेवा.